खांबामागची खुर्ची

मिठूचं प्रेम जडलं ते एका खांबामुळे. प्रेमात खांबाचं काय काम, असं तुम्ही विचाराल. विचारा! मिठूच्या आत्यानंही तेच विचारलं होतं.

झालं असं, की आत्याच्या मैत्रिणीचे गुडघे ऐन कार्यक्रमाच्या दिवशी रुसून बसले. पियानोवादनाचं तिकीट हातात, आणि गुडघे म्हणतात जिना चढणार नाही. तिकीट फुकट जाऊ नये म्हणून आत्यानं चष्म्याच्या दुकानाला लवकर कुलूप घातलं आणि भाचीला दंडाला धरून सभागृहात नेलं. आत्याची स्वतःची खुर्ची पुढे, ऐसपैस. मैत्रिणीनं तिकीट उशिरा काढलेलं, त्यामुळे मिठूच्या वाट्याला आली शेवटच्या रांगेतली, भिंतीला टेकलेली कोपऱ्यातली खुर्ची. डोक्यावर भिंतीवरचा एक मिणमिणता दिवा, आणि समोर एक गलेलठ्ठ खांब.

त्या खांबानं अर्धा पियानो खाल्ला होता, आणि वाजवणाऱ्या बाई तर अख्ख्या गिळल्या होत्या. बाईंचं स्टूल नाही, हात नाहीत, डोकं नाही. दिसत होती फक्त स्वरलिपीची पानं ठेवायची फळी, आणि तिच्याशेजारी साध्या खुर्चीवर बसलेला काळ्या कपड्यांतला एक तरुण.

‘हा नुसता बसलाय कशाला?’ मिठूच्या मनात आलं.

तेवढ्यात तो उठला. हात लांबवून त्यानं पानाचा वरचा कोपरा दोन बोटांत धरला, थांबला... खांबाआडून काहीतरी इशारा झाला असावा... आणि त्यानं पान उलटलं. आवाज नाही, घाई नाही. पुन्हा तो खाली बसला, आणि बसता बसता त्यानं थेट मिठूकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही हां — डोळे बारीक केले, गाल वर गेले. हसला!

मिठूनं मागे वळून पाहिलं. मागे भिंत. म्हणजे तिच्याकडेच पाहून हसला की!

पुढच्या पानाला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या पानालाही तेच. शेवटी टाळ्या पडल्या तेव्हा पुढच्या रांगेत आत्या दचकून जागी झाली आणि सगळ्यात जोरात टाळ्या वाजवू लागली. मिठूचे हात मात्र मांडीवरच होते, कारण तिला आपले हात कुठे आहेत हेच आठवत नव्हतं.

घरी येताना आत्यानं विचारलं, “कसं वाजवलं बाईंनी?”

“कुठल्या बाईंनी?” मिठू म्हणाली.

आणि मग सगळं बाहेर आलं. आत्या रस्त्यात थांबलीच. “अगं, वाजवणारी सोडून तू पानं उलटणाऱ्यावर भाळलीस? जगात काय दुष्काळ पडलाय का मुलांचा?”

“तू त्याला पान उलटताना बघितलं नाहीस.”

“मी काहीच बघितलं नाही, मी झोपले होते. पण म्हणून मी कोणाच्या प्रेमात नाही ना पडले!” आणि त्या दिवसापासून आत्यानं त्याचं नाव ठेवलं पानोजीराव.

आता मिठूबद्दल एक सांगायला हवं. तिचं हे नाव आत्यानंच ठेवलेलं, कारण पोरगी दिवसभर बोलते. दुकानाच्या आतल्या खोलीत ती डोळे तपासते, आणि तपासताना गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांची चौकशी करून मोकळी होते. पण कार्यक्रम संपल्यावर दाराशी पानोजीराव समोरून येताना दिसला, की या मिठूची दातखीळ बसायची. तो जवळून निघून जायचा. बघायचासुद्धा नाही! मिठू समजूत काढायची — लाजाळू आहे. स्टेजवर हसतो, खाली बुजतो. असतात अशी माणसं.

दर पंधरवड्याला कार्यक्रम असे, आणि दर पंधरवड्याला मिठू तिकिटाच्या खिडकीशी हजर.

“ताई, त्या खुर्चीवरून काही दिसत नाही हां,” खिडकीतले काका पहिल्या वेळी म्हणाले. “पुढची देऊ?”

“नको. मला ऐकायचंय.”

काकांनी तिच्याकडे मोठ्या आदरानं पाहिलं. पुढे पुढे तर ते तिला बघताच तिकीट बाजूला काढून ठेवू लागले. बाजूला काय काढायचं? ती खुर्ची दुसरं कोण मागतंय!

गंमत म्हणजे, मिठू खरंच ऐकायला लागली. त्याच्या उठण्याकडे डोळे लागलेले, त्यामुळे कानही तिकडेच. पियानोतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण हळूहळू सूर कुठे चढतोय, कुठे दम घेतोय, आता पान संपत आलंय, हे तिला आधीच समजायला लागलं. तो उठायच्या आत तिचा श्वास वर जायचा. कार्यक्रम संपला तरी पायऱ्या उतरताना ते सूर तिच्या कानात चालू असत. इतकं सुख तिला पूर्वी कशात सापडलं नव्हतं, आणि ते कोणामुळे, सुरांमुळे की त्याच्यामुळे, याचा हिशेब तिनं केला नाही.

कार्यक्रम नसेल त्या रविवारी आत्याबरोबर सिनेमा. तिथेही हाच उद्योग. पडद्यावरचा नायक कितीही देखणा असो, मिठू त्याला मनातल्या मनात बाजूला सारून तिथे पानोजीरावाला उभा करायची. तो डोंगरावरून उड्या मारायचा, गुंडांना लोळवायचा, आगीतून धावायचा, सगळं काळ्या कपड्यांत आणि आवाज न करता. एकदा नायिकेनं चष्मा काढला आणि सगळे तिच्या रूपावर थक्क झाले, तेव्हा तर आत्या अंधारात मोठ्यानं म्हणाली, “झालं! आता ही भिंतीवर आपटणार. असल्या सिनेमांनीच आपला धंदा बुडवलाय!”

आणि कादंबऱ्या! जेवताना कादंबरी, दुकानात गिऱ्हाईक नसताना कादंबरी. नायक उंच असो, ठेंगणा असो, दाढीवाला असो, मिठूच्या डोक्यात चेहरा एकच. पान उलटायचीसुद्धा ती त्याच्यासारखी, वरचा कोपरा दोन बोटांत धरून, अलगद.

“अगं बाई,” आत्या म्हणायची, “सिनेमातल्या पोरी बोलतात. कादंबरीतल्या पोरी निदान पत्र लिहितात. तू नुसती खांबाआड बसून राहतेस. त्याच्याशी एकदा बोल ना!”

“बोलणार आहे. तो बघतो ना माझ्याकडे, म्हणजे अर्धं काम झालंच आहे.”

त्या अर्ध्या कामावर मिठूचं सगळं घर उभं होतं.

एके दिवशी दुपारी दुकानाचं दार ढकलून पानोजीराव आत आला. काळे कपडे नव्हते, साधा निळा सदरा होता. काउंटरवर नमुन्याचे चष्मे चढवलेलं एक प्लॅस्टिकचं मुंडकं ठेवलेलं असतं, त्याला त्यानं नमस्कार केला. “बाई, डोळे तपासायचे होते.”

“मी इकडे आहे,” आत्या दुसऱ्या टोकाकडून म्हणाली. मग तिनं त्याला नीट न्याहाळलं. भाचीनं इतक्यांदा वर्णन केलं होतं, की ओळखायला क्षणही लागला नाही. “अगंबाई... मिठू! अगं मिठू, कामात असशील तर काम टाक!”

आतल्या खोलीत मिठूनं त्याला खुर्चीवर बसवलं. ‘ओळखेल. आता ओळखेल.’ त्यानं तिच्याकडे बघून सभ्यपणे मान हलवली. बस्स.

“काय... काय त्रास होतो?”

“लांबचं दिसत नाही. परवा चुकीच्या बसमध्ये बसलो आणि पार शेवटच्या थांब्यावर पोचलो. जवळचं झकास दिसतं. माझं कामही जवळचंच आहे. सकाळी मुलांना पियानो शिकवतो, आणि कार्यक्रमांत आमच्या बाईंची पानं—”

“उलटता, माहीत आहे!” म्हणता म्हणता मिठूनं जीभ चावली. “म्हणजे... माहीत आहे की पानं उलटावी लागतात. पियानोत. एकूणच.”

“बऱ्याच लोकांना माहीत नसतं,” तो खूश होऊन म्हणाला.

मिठूनं दिवा लावून समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता दाखवला. “सगळ्यात वरचं अक्षर वाचा.”

त्यानं तक्त्याकडे पाहिलं. डोळे बारीक केले. गाल वर गेले.

“अक्षर आहे तिथे?” त्यानं विचारलं.

मिठूच्या हातातली काच तशीच राहिली. तेच! तेच ते हसू — दर पंधरवड्याचं, प्रत्येक पानाचं, तिच्या एकटीचं! आणि ते तो भिंतीवरच्या तक्त्याला देत होता.

“स्टेजवरून...” तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. “स्टेजवरून मागची रांग वगैरे... दिसते का तुम्हाला?”

“मागची? अहो, मला पुढचीसुद्धा दिसत नाही! समोर माणसं आहेत हे टाळ्या पडल्या की कळतं.”

“मग मागे बघत असाल ते... म्हणजे लोक बघतात ना, मागे...”

“मागच्या भिंतीवर घड्याळ आहे. खाली दिवा आहे म्हणून निदान कुठे आहे ते तरी समजतं. साडेआठची बस चुकेल की काय म्हणून डोळे मिचमिचे करून बघत असतो, पण काटे काही दिसत नाहीत.”

घड्याळ. तिच्या डोक्यावर घड्याळ होतं! इतक्या वेळा त्या खुर्चीवर बसूनही तिनं मान वर करून पाहिलं नव्हतं. आणि कहर म्हणजे, मिठूचा धंदाच हा. ज्याला लांबचं दिसत नाही तो डोळे बारीक करतो, हे ती रोज दहा जणांना समजावून सांगते. शाळेतल्या पोरांच्या आयांना सांगते, ‘अहो, तो तुम्हाला वेडावत नाही, त्याला नंबर आहे!’ आणि स्वतःच्या वेळी मात्र बाईसाहेबांना वाटलं, हसतोय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तिनं कशीबशी तपासणीची जड फ्रेम त्याच्या नाकावर चढवली आणि काचा घालायला सुरुवात केली. आता बोलायचं नाही, रडायचं नाही, फक्त काम करायचं.

“ही काच बरी, की ही?”

“दोन्हींत तेच दिसतंय.”

“नीट बघा. पहिली... की दुसरी?”

“पहिलीत जरा पुसट. दुसरीत स्वच्छ.”

“काय स्वच्छ?”

“तुम्ही,” तो संकोचून म्हणाला. “तुम्ही तक्त्याच्या समोर उभ्या आहात.”

मिठू अशी बाजूला झाली की कोपऱ्यातलं स्टूल आडवं झालं. इतक्या वर्षांत असला घोळ तिनं कधी घातला नव्हता. नंबर निघाला मायनस तीन. तो आकडा आत्याच्या हातात देऊन ती जी आतल्या खोलीत शिरली, ती तो जाईपर्यंत बाहेर आली नाही.

संध्याकाळी सगळं ऐकून आत्या आधी पोट धरधरून हसली. मग भाचीचा चेहरा बघून तिनं हसू आवरलं आणि तिला जवळ घेतलं. “जाऊ दे गं. त्यानं तुला नाकारलं थोडंच आहे? त्यानं तुला पाहिलंच नव्हतं.”

“तेच तर! आता चष्मा लागला की बघेल. दुकानातली बाई खांबामागे बसलीय, जिथून पियानो दिसत नाही, बाई दिसत नाहीत, फक्त तो एकटा दिसतो. शेंबड्या पोरालाही कळेल मी तिथे का बसते. आणि मग तो मान फिरवील. इतके दिवस दिसत नव्हतं म्हणून बघत नव्हता. उद्या दिसूनही बघणार नाही. मग मी काय करू?”

“मग काच थोडी कमी नंबरची लाव,” आत्या म्हणाली. “राहू दे जरा धुक्यात.”

खोटं कशाला बोलू, मिठूच्या मनात ते येऊन गेलं. पण काच घासायला बसली तेव्हा तिच्या हातांना वाकडं काम जमेना. तिनं नंबर चोख ठेवला, कडा गुळगुळीत केल्या, आणि तो चष्मा न्यायला आला त्या वेळी आत मशीन सुरू करून ठेवलं, म्हणजे हाक ऐकू आली नाही असं म्हणता येईल.

“घातला चष्मा,” आत्यानं नंतर सांगितलं. “दारातून बाहेर बघितलं आणि लहान पोरासारखा ओरडला, ‘त्या झाडाची पानं सुटी सुटी दिसतायत!’ आणि विचारत होता, तपासणाऱ्या ताई कुठे आहेत?”

“ताई म्हणाला?”

“ताई म्हणाला.”

“मेले मी,” मिठू म्हणाली.

पुढच्या कार्यक्रमाला जायचं नाही, असं तिनं ठरवलं. मग आठवलं, बाई आज ती लांबलचक रचना वाजवणार आहेत, जिच्यात शेवटी सूर अगदी बारीक होत होत येतात आणि मग एकदम उजाडल्यासारखं होतं. ते सोडवेना. मग तिनं तोडगा काढला. जायचं, पण दुसऱ्या खुर्चीवर.

“आज पुढची द्या,” ती खिडकीतल्या काकांना म्हणाली. काकांचा चेहरा पडला.

कार्यक्रम सुरू व्हायला अवकाश होता, स्टेज रिकामं होतं. मिठू आत्याच्या शेजारी जाऊन बसली. इथून सगळं दिसत होतं, अख्खा पियानो, बाईंचं स्टूल, झगमगाट. आणि स्टुलापलीकडची त्याची साधी खुर्ची मात्र स्टुलाआड पार लपली होती. बाई बसल्या की तो दिसणारच नव्हता. इथे बसून तिला कुणीही हसणार नव्हतं, कुणालाही काही कळणार नव्हतं, आणि पान उलटलेलंही दिसणार नव्हतं.

“काय चुळबुळ लावलीयस?” आत्या म्हणाली.

“आत्या, मी जाते.”

“घरी?”

“मागे.”

आत्यानं भाचीच्या पाठीवर एक थाप मारली, आणि नेहमीसारखी झोपायच्या तयारीला न लागता ताठ बसून राहिली.

मिठू खांबामागे आली. बसली. डोक्यावर दिवा होताच, तो आज फारच प्रखर वाटत होता. टाळ्या पडल्या, खांबानं बाईंना गिळलं, आणि काळ्या कपड्यांत तो आला. नाकावर तिनं घासलेला चष्मा. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मिठूला तेव्हा कळलं.

पहिलं पान त्यानं उलटलं, बसला, मान वर करून मागे पाहिलं. डोळे बारीक झाले नाहीत. गाल वर गेले नाहीत. तो हसला नाही. त्यानं मान खाली घातली.

‘झालं,’ मिठू मनाशी म्हणाली. ‘दिसले, आणि संपलं.’

त्यानंतर तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. डोळे मिटून घेतले. आणि काय सांगू, मन इतकं दुखत असूनही कानात सूर शिरतच राहिले. ती लांबलचक रचना सुरू झाली. सूर खाली उतरले, बारीक झाले, आणखी बारीक... आता पान संपत आलं, मिठूला बरोबर कळलं, सवयीनं श्वास वर गेला... आता तो उठेल... आता...

पियानो अडखळला. एक सूर दोनदा वाजला.

मिठूनं डोळे उघडले. तो जागेवर बसलेला होता. पान तसंच होतं. आणि तो — तो तिच्याकडे बघत होता. तोंड किंचित उघडं, जगाचं भान नाही.

तेवढ्यात खांबाआडून एक हात बाहेर आला. गोरापान, अंगठ्या घातलेला, संतापलेला हात. त्या हातानं फाडकन पान उलटलं, जाता जाता पानोजीरावाच्या खांद्यावर एक चापट मारली, आणि पुन्हा खांबाआड गेला. इतक्या महिन्यांत मिठूला बाईंचं झालेलं हे पहिलं दर्शन.

सूर पुढे गेले आणि उजाडलं.

बाहेर बारीक पाऊस पडत होता. आत्याला अचानक एक मैत्रीण आठवली आणि ती घाईनं निघून गेली. मिठू बसथांब्याच्या छपराखाली उभी राहिली. मागून पावलं आली.

“बाईंनी माझी शाळा घेतली,” तो म्हणाला. चष्म्यावर पाण्याचे थेंब होते, त्यांतून त्याला काहीच दिसत नसणार. “इतक्या वर्षांत एक पान चुकलं नव्हतं.”

“मग आज?”

“ते घड्याळ बंद आहे! तुम्हाला माहीत होतं? मी एवढे दिवस बंद घड्याळ बघत होतो.”

मिठू बस येते का ते बघू लागली. पुन्हा घड्याळच! “अच्छा... म्हणून पान राहिलं.”

“नाही हो. घड्याळ बंद आहे हे पहिल्याच पानाला कळलं. पान राहिलं ते पार शेवटी.”

“मधल्या वेळात काय करत होता?”

“बघत होतो. तुम्ही डोळे मिटले होते. पान संपायच्या बरोबर आधी तुम्ही श्वास घेत होता. दर वेळी. बाईंनी मान हलवायच्याही आधी. मला वाटलं, हे फक्त मलाच ऐकू येतं...” तो थांबला. “शेवटच्या वेळी तुम्ही श्वास घेतलात आणि मी उठायचं विसरलो.”

मिठूनं खिशातून दुकानाचं मऊ फडकं काढलं आणि न विचारता त्याच्या नाकावरचा चष्मा उतरवून पुसायला घेतला. हातांना काहीतरी काम हवं होतं.

“त्या खुर्चीवरून बाई दिसत नाहीत ना?” त्यानं विचारलं.

“नाही.”

“पियानो?”

“शेपूट दिसतं.”

“मग... काय दिसतं?”

मिठूनं चष्मा पुन्हा त्याच्या नाकावर चढवला, कानामागे नीट बसवला. तिचा चेहरा आता त्याच्या अगदी समोर होता.

“पान उलटताना दिसतं,” ती म्हणाली. “मला तेवढंच बघायचं असतं.”

तो हसला. डोळे बारीक झाले, गाल वर गेले. मिठूनं बारकाईनं पाहिलं. नंबर बरोबर होता, काचा स्वच्छ होत्या. म्हणजे हे खरंच हसू होतं.

“फक्त ताई म्हणू नका,” ती म्हणाली.

“पुन्हा नाही म्हणणार!”

रस्त्याच्या पार टोकाला बसचे दिवे वळले. त्यानं मान वर केली आणि इतक्या लांबून, पावसातून, बसचा नंबर मोठ्यानं वाचून दाखवला.

“बरोबर,” मिठू म्हणाली. “तुमचीच आहे ना?”

“माझीच.”

बस आली, थांबली, दार उघडलं. कंडक्टरनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि घंटी वाजवली. बस निघून गेली, तरी पानोजीराव जागचा हलला नव्हता.